सारखे दिसणारे, सारखे नसणारे : काही इंग्रजी शब्दांचा विचार



मी निवृत्त झालो तरी परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या दाराची कडी वाजतेच. बाहेर दोघे-तिघे उभे असतात, हातात वही असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "सर, या दोन शब्दांत फरक काय?" उत्तर एका ओळीत हवे असते, कारण उद्या पेपर असतो. मी त्यांना बसवून घेतो, आत चहा सांगतो, आणि त्या एका ओळीच्या उत्तराला तासभर लागतो. उठताना मुलांच्या चेहऱ्यावर 'कुठून विचारले' असा भाव स्पष्ट दिसतो. यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा तोच तास कागदावर उतरवावा असे मनात आले. या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असले तरी इंग्रजीच्या तासाला दोन्हीकडचे वाचक एकाच बाकावर बसतात. म्हणून अधूनमधून कन्नडचाही आधार घेणार आहे. माझे कन्नड बाजारातले आहे. चुकल्यास कन्नड विभागाच्या प्राध्यापकांनी माझा कान धरावा.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. तिच्यावाचून माझा या विषयातला आग्रह तुम्हांला निव्वळ म्हातारपणाचा हट्ट वाटेल.

१९७८ साली मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. आमची मेस विद्यार्थीच चालवीत. दर महिन्याला एकाने हिशेब पाहायचा आणि जमलेली वर्गणी पत्र्याच्या पेटीत ठेवायची, अशी पद्धत होती. एका महिन्याअखेर पेटीत १८० रुपये कमी भरले. त्या काळी एका मुलाच्या दोन महिन्यांच्या जेवणाहून ती रक्कम मोठी होती. पेटीची किल्ली त्या महिन्यात माझ्याच खोलीतल्या जोडीदाराकडे होती. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. स्वतःची पेन्सिल हरवली तर दुसऱ्याची न घेता दिवसभर तसाच बसणारा. आमचे रेक्टर तमिळभाषी होते. त्यांना मराठी येत नव्हती आणि कन्नड जेमतेम समजे. त्यांनी प्रत्येकाला हुकूम दिला की, आपणास जे काही ठाऊक असेल ते इंग्रजीत लिहून सकाळी माझ्या टेबलावर ठेवा.

मला लिहायचे होते ते असे : 'त्याने पैसे घेतले असतील, याची मला शंकाच आहे.' म्हणजे त्याने ते घेतलेले नाहीत. मी खिशातला कोश काढला. 'शंका' या शब्दापुढे 'डाउट' आणि 'सस्पिशन' असे दोन शब्द होते. 'डाउट' हा तर वर्गात रोज वापरला जाणारा शब्द. "सर, एक डाउट आहे" असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो. एवढ्या गंभीर प्रसंगाला तो फार किरकोळ वाटला. म्हणून मी दुसऱ्या शब्दाचे क्रियापद शोधले आणि त्याला वजन यावे म्हणून पदरचे एक क्रियाविशेषणही जोडले. वाक्य झाले : 'आय स्ट्राँग्ली सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी.' खाली ठळक सही केली आणि मित्राची बाजू भक्कम मांडली या समाधानात झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत बोलावले. किल्ली काढून घेतली, वडिलांना पत्र गेले, आणि त्याने कारण विचारले तेव्हा माझा कागद त्याच्यापुढे ठेवण्यात आला. आठ दिवसांनी पैशांचा उलगडा झाला. आधीच्या महिन्याच्या सेक्रेटरीने आचाऱ्याला उचल दिली होती आणि ती वहीत मांडायची राहून गेली होती. पण तोवर माझ्या जोडीदाराने खोली बदलली होती. मी त्याला समजावण्यासाठी कोश घेऊन गेलो, ते पान उघडून दाखवले. त्याने ते शांतपणे वाचले आणि म्हणाला, "स्ट्राँग्ली कुठल्या पानावर आहे?"

आता त्या दोन शब्दांकडे वळू. 'डाउट' म्हणजे एखादी गोष्ट खरी नसावी असे वाटणे. 'सस्पेक्ट' म्हणजे ती खरी असावी असे वाटणे. पुराव्याचा अभाव दोन्हीकडे आहे, मनाची खात्री दोन्हीकडे नाही. पण मनाचा कल मात्र अगदी उलट दिशांना आहे. म्हणून 'डाउट'च्या पाठीमागे पुष्कळदा 'व्हेदर' किंवा 'इफ' येते, आणि 'सस्पेक्ट'च्या पाठीमागे 'दॅट' येते. माणसाला लागतात तेव्हाही त्यांचा फरक टिकून राहतो. 'आय डाउट हिम' म्हणजे त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही. 'आय सस्पेक्ट हिम' म्हणजे हे काम त्याचेच असावे. गंमत अशी की, पुढे 'सचोटी' किंवा 'हेतू' अशा अर्थाचे नाम आले की दोघे एकदम जवळ येतात. एखाद्याच्या सचोटीला 'डाउट' केले काय किंवा 'सस्पेक्ट' केले काय, त्या गृहस्थाची अब्रू जायची ती जातेच.

मला त्या वेळी कुणी सांगायला हवे होते ते हे, की हा भेद मराठीतही आहे. 'त्याने पैसे घेतले असावेत अशी मला शंका आहे' आणि 'त्याने पैसे घेतले असतील याबद्दल मला शंका आहे' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात बोट त्याच्याकडे आहे, दुसऱ्यात त्याच्यावरचे बोट खाली घेतले आहे. शब्द एकच आहे. 'अशी' आणि 'याबद्दल' या सोबत्यांनी सगळे काम केले. मी लिहिलेले 'याची शंका' हे दोन्हीकडे झुकणारे आहे, आणि तिथेच घसरगुंडी होती. सुटा शब्द कोशात शोधण्याऐवजी मी आपलेच वाक्य नीट ऐकले असते तर बरे झाले असते.

यात कोशाला दोष देण्याचे कारण नाही. मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. त्याचे एखादे पान उघडून पाहा; एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग लागलेली असते. खिशातल्या कोशात जागा नसते म्हणून रांगेतला एकच उरतो, आणि तोच आपण पाठ करतो. परकीय विद्यार्थ्याची ही अडचण ए. एस. हॉर्न्बी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना ओळखली. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश प्रथम १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. त्याचा विशेष असा की, शब्दाचा अर्थ देऊन तो थांबत नाही. क्रियापदापुढे काय येते आणि काय येत नाही हे वाक्ये देऊन दाखवतो. ग्रंथालयात त्याची प्रत असेल. मुखपृष्ठ फाटलेले असेल तर तीच घ्या.

'नाकारणे' या शब्दाचा असाच घोटाळा होतो. उत्तरपत्रिकेत मी एकदा वाचले, 'द थीफ रिफ्यूज्ड दॅट ही स्टोल.' विद्यार्थ्याच्या मनात 'चोराने चोरी नाकारली' हे वाक्य होते. आता वर्तमानपत्री मराठी आठवा. मंत्री आरोपाचा 'इन्कार' करतात आणि वार्ताहरांशी बोलण्यास 'नकार' देतात. वार्ताहर एवढा भेद सहसा चुकवत नाही. इन्कार म्हणजे 'डिनाय' : असे घडले नाही, असे सांगणे. नकार म्हणजे 'रिफ्यूज' : असे मी करणार नाही किंवा हे मी घेणार नाही, असे सांगणे. इन्काराची नजर बहुधा झालेल्या गोष्टीकडे, नकाराची व्हायच्या गोष्टीकडे. हाच नकार हात जोडून दिला की 'डिक्लाइन' होतो; पाहून, पारखून बाजूला सारले की 'रिजेक्ट' होतो. लग्नाच्या बाजारात हे चारही शब्द एकाच घरी एकाच आठवड्यात वापरता येतात, पण ते उदाहरण वाढवत नाही.

'चोरणे' आणि 'लुटणे' येथे तर मराठी इंग्रजीच्या पावलावर पाऊल टाकून चालते. घड्याळ चोरतात, माणसाला लुटतात. 'स्टील'पुढे वस्तू येते, 'रॉब'पुढे माणूस किंवा बँक. तरीही 'ही रॉब्ड माय वॉच' हे वाक्य दरवर्षी भेटते. घड्याळाला रस्त्यात गाठून त्याच्या खिशातले पैसे काढून घेतले, असा त्याचा अर्थ होईल.

पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांत आपली भाषा इंग्रजीपेक्षाही बोलकी आहे. शाळेत आपण 'सी' म्हणजे पाहणे आणि 'लुक' म्हणजेही पाहणे असे पाठ केले आणि 'दिसणे' या आपल्या शब्दाला विसरलो. 'मी पाहिले, पण मला दिसले नाही' हे वाक्य तीन वर्षांचे मूलही बोलते. 'पाहणे' हे माझे काम आहे, ते 'लुक'. 'दिसणे' आपोआप घडते, ते 'सी'. तीच गोष्ट कानाची. 'ऐकणे' म्हणजे 'लिसन', 'ऐकू येणे' म्हणजे 'हिअर'. कन्नडमध्ये 'ननगे काणिसुत्तदे', 'ननगे केळिसुत्तदे' असे म्हणतात. तिथेही 'मी' न येता 'मला' येते. जिथे तुमच्या तोंडी सहज 'मला' येते, तिथे 'सी' आणि 'हिअर' वापरा. जिथे 'मी' येते तिथे बहुतेक वेळा 'लुक' आणि 'लिसन'. याला अपवाद आहेत. सिनेमा 'सी' करतात, डॉक्टरांना 'सी' करायला जातात. पण अपवाद पाठ करण्यासाठी आधी नियम हाताशी असलेला बरा.

'से' आणि 'टेल' यांबाबत मराठी मुलांना एक सोय आहे आणि एक खड्डा आहे. सोय ही की, 'म्हणणे' आणि 'सांगणे' हे दोन शब्द आपल्यापाशी तयार आहेत. कन्नडमध्ये या दोन्ही कामांना बहुतेक वेळा 'हेळु' पुरतो. खड्डा हा की, 'तो मला म्हणाला' असे आपण सर्रास बोलतो आणि तेच इंग्रजीत नेतो : 'ही सेड मी'. इंग्रजीत 'से'ला ऐकणारा थेट चिकटत नाही. मध्ये 'टु' लागतो. उलट 'टेल'ला ऐकणारा हवाच, 'ही टोल्ड दॅट' असे म्हणून चालत नाही. कोणाला सांगितले ते आधी आले पाहिजे. खरे, खोटे, गोष्ट आणि घड्याळातली वेळ एवढ्या गोष्टी मात्र ऐकणाऱ्यावाचूनही 'टेल' करता येतात.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या भागाकडे येतो. चहा थंड होतो तो इथेच.

'राइज' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले', 'सिट' आणि 'सेट' यांच्यातला गोंधळ पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनाही सुटत नाही. 'प्राइसेस आर रेझिंग' असे लिहिलेले मी चांगल्या चांगल्या कागदांवर वाचले आहे. या जोड्या सुट्या सुट्या पाठ करू नका. मराठीतली एक यादी आधी म्हणून पाहा : पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, चरणे-चारणे. काय घडते आहे? पहिल्या क्रियापदात गोष्ट आपोआप होते. दुसऱ्यात ती कोणीतरी घडवून आणतो. मधला स्वर तेवढा बदलला. झाड पडले; सुताराने झाड पाडले. व्याकरणात याला प्रयोजक म्हणतात. कन्नडमध्ये 'इसु' जोडून हेच करतात : माडु-माडिसु, एळु-एब्बिसु.

इंग्रजीतही एके काळी हेच यंत्र चालू होते. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे. 'राइज' म्हणजे उठणे, वर येणे आणि 'रेझ' म्हणजे उठवणे, वर उचलणे. 'लाय' म्हणजे पडून असणे, निजणे आणि 'ले' म्हणजे निजवणे, ठेवणे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. इतकेच काय, 'ड्रिंक' म्हणजे पिणे आणि आज चिंब भिजवणे या अर्थी वापरला जाणारा 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणे. गुरांचे डॉक्टर जनावराला नळीने औषध पाजतात त्या कामाला इंग्रजीत अजूनही 'ड्रेंच'च म्हणतात.

हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत शिकलेल्यांनी 'सद्' धातू आठवावा. सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. सदन, संसद, उपनिषद हे शब्द याच धातूचे. इंग्रजी 'सिट' आणि 'सेट' हे याच दोन रूपांचे दूरचे भाऊबंद आहेत. आपले पडणे-पाडणे हे पतति-पातयति यांतून आले. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळच्या असाव्यात असे सांगितले, आणि जर्मानिक भाषांचाही त्यात उल्लेख केला. त्या मोठ्या सिद्धांताचा हा एवढासा तुकडा तुमच्या उत्तरपत्रिकेतल्या एका गुणाला उपयोगी पडतो, हे जोन्ससाहेबांच्या ध्यानी आले नसेल.

मात्र इंग्रजीतले ते यंत्र केव्हाच बंद पडले आणि सुटे भाग तेवढे उरले. आज नव्या क्रियापदापासून असे रूप कोणी करीत नाही. पुष्कळ ठिकाणी एकच क्रियापद दोन्ही कामे करते. 'कुक' म्हणजे शिजणेही आणि शिजवणेही. त्यात आणखी एक कुरूप योगायोग झाला. 'लाय'चा भूतकाळ 'ले' आहे, म्हणजे नेमका दुसऱ्या क्रियापदाचा वर्तमानकाळ. आणि 'फॉल'चा भूतकाळ 'फेल' आहे, तोही तसाच. तेव्हा ही रूपे एकदा मोठ्याने म्हणून टाका : फॉल, फेल, फॉलन, पण फेल, फेल्ड, फेल्ड. लाय, ले, लेन. पण ले, लेड, लेड. राइज, रोज, रिझन. पण रेझ, रेझ्ड, रेझ्ड. सिट, सॅट, सॅट. पण सेट, सेट, सेट. खोटे बोलणारा 'लाय' या सगळ्यांपासून वेगळा. त्याचा भूतकाळ 'लाइड', सरळ आणि साधा. खोटेपणाला व्याकरणाची अडचण सोसावी लागत नाही.

परीक्षेत शंका आली तर क्रियापदाला 'काय?' असे विचारा. किमती वाढल्या. काय वाढल्या, याचे उत्तर 'किमती' हे आधीच कर्त्याच्या जागी बसलेले आहे, पुढे कोणी नाही, म्हणून 'राइज'. दुकानदाराने वाढवल्या. काय वाढवल्या? किमती. उत्तर पुढे मिळाले, म्हणून 'रेझ'. 'ही लेड ऑन द कॉट' असे लिहाल तर ऐकणारा विचारील, "काय ठेवले खाटेवर?" आणि कोंबडीही 'लेड'च करते, हे ध्यानात असू द्या. एक दिलासा देतो : 'लाय' आणि 'ले' यांत खुद्द इंग्रजी मातृभाषा असणारेही रोज चुकतात. पण ते परीक्षेला बसलेले नसतात.

इंग्रजीत इतके जवळजवळचे शब्द साठले तरी कसे? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच बसली. न्यायालयात वाद इंग्रजीतून चालावा असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले. एवढ्या काळात राज्यकर्त्यांचे शब्द रयतेच्या शब्दांशेजारी येऊन बसले. पुढे पंडितांनी लॅटिनमधून आणखी आणले. म्हणून 'बिगिन' आणि 'कॉमेन्स', 'बाय' आणि 'पर्चेस', 'हेल्प' आणि 'एड'. कुरणातली 'शीप' ताटात आल्यावर 'मटन' होते, कारण राखणारा इंग्रज होता आणि जेवणारा नॉर्मन. आपल्याला हे नवीन वाटू नये. अर्ज, दाखला, तारीख, फिर्याद हे फारसी-अरबी शब्द आपल्या तोंडी याच वाटेने आले, आणि राज्यकारभारातून ते काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला.

अशा जोडीत अर्थ बहुधा एकच असतो. वेगळा असतो तो शब्दाचा पोशाख. पाणी, जल, उदक आणि तीर्थ यांचा पदार्थ एकच, पण "तांब्याभर तीर्थ आण, तहान लागली आहे" असे कोणी म्हणत नाही. 'परीक्षा कॉमेन्स होणार' ही सूचना फलकावर शोभते. 'इट कॉमेन्स्ड टु रेन' म्हणजे पावसाने रीतसर उद्घाटन केल्यासारखे होते. आपल्या मुलांना जड शब्दाची भारी आवड. मला वाटते, हा दोष थोडा आम्हां प्राध्यापकांचाही आहे. जड शब्दाखाली आम्हीच शाबासकीची रेघ ओढतो.

या पोशाखाच्या प्रश्नात एक जागा नाजूक आहे. विद्यार्थी रजेच्या अर्जात लिहितो, 'माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड.' मुदत संपते ती औषधाची आणि परवान्याची. कोशात हा अर्थ सापडतो, पण साध्या पत्रात तो विचित्र वाटतो. तरीही मुलगा असे का लिहितो, याचा विचार केला तेव्हा मला त्याचे हसू येईनासे झाले. मराठीत आजी 'मेली' असे आपण म्हणू शकत नाही. ती वारली, गेली, निवर्तली, देवाघरी गेली. 'मरणे' हा शब्द वडीलधाऱ्यांसाठी आपल्या जिभेवर येत नाही. म्हणून 'डाइड' लिहितानाही मुलाचा हात अडखळतो. त्याला सांगावे लागते की, इंग्रजी 'डाइड'मध्ये ती कठोरता नाही. राजाही 'डाइड' होतो, आजीही, आणि त्यात कुणाचा अनादर होत नाही. येथे मराठी अर्थ बरोबर होता; मराठी संकोच मात्र सोबत गेला, आणि तो तिकडच्या शब्दाला लागू नव्हता.

उलट बाजूही आहे. 'आम्ही जेवायला जातो' आणि 'आपण जेवायला जाऊ' यांतल्या पहिल्यात समोरचा माणूस उपाशी राहतो, दुसऱ्यात तो पंगतीला असतो. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच 'वुई'. आजच्या कन्नडमध्येही 'नावु' एकटाच. तेव्हा भाषांतर करताना समोरच्याला ताट वाढले आहे की नाही, हे वेगळ्या शब्दांत सांगावे लागते.

उच्चाराने सारख्या शब्दांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते डोळ्यांचे काम आहे, बुद्धीचे नव्हे. महाविद्यालयाचे 'प्रिन्सिपल' शेवटी 'पी-ए-एल' लिहितात. तत्त्व या अर्थीचे 'प्रिन्सिपल' शेवटी 'पी-एल-ई'. कागद-पेन्सिली विकणारा 'स्टेशनर' शेवटी 'ई-आर' लिहितो, म्हणून त्याच्या मालाच्या 'स्टेशनरी'तही 'ई' आहे. जागेवर उभी असलेली 'स्टेशनरी' गाडी 'ए' घेते. 'ॲडव्हाइस' नाम, त्यात 'सी'. 'ॲडव्हाइझ' क्रियापद, त्यात 'एस'. 'अफेक्ट' बहुधा क्रियापद, 'इफेक्ट' बहुधा नाम. पण 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' होतो, परिणाम करणे नव्हे. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवहाराविषयीचा, 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा. सरकारचे धोरण पहिले असते, दुसरे असेलच असे नाही.

'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांवर मात्र क्षणभर थांबतो. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, म्हणजे त्याचा स्वतःचा लाभ कुठल्याही बाजूला गुंतलेला नसावा. तो 'अनइंटरेस्टेड' असेल तर साक्ष चालू असताना जांभया देईल. या दोन शब्दांचे क्षेत्र पूर्वी इतके काटेकोर वाटलेले नव्हते, आणि आजही पुष्कळ लोक पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थी वापरतात. तरी मी भेद राखावा या मताचा आहे. निःपक्षपातीपणाला वेगळा शब्द असलेला बरा. १९७८ साली त्या रेक्टरांच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस पूर्ण 'डिसइंटरेस्टेड' होता; त्याने फक्त माझे इंग्रजी प्रमाण मानले.

खालील वाक्ये इंग्रजीत करून आणावीत :

१. वादळात दोन झाडे पडली. तिसरे आम्ही पाडले.
२. मी खिडकीतून पाहिले, पण मला काही दिसले नाही.
३. काल दुपारभर मांजर माझ्या पुस्तकांवर पडून होते.
४. त्याने उसने पैसे घेतल्याचा इन्कार केला आणि ते परत करण्यास नकारही दिला.
५. तो खूप काही म्हणाला, पण खरे काय ते त्याने मला सांगितले नाही.
६. चोरांनी प्रवाशांना लुटले आणि ड्रायव्हरचे घड्याळ चोरले.
७. त्याने पैसे घेतले असतील, याबद्दल मला शंकाच आहे.

उत्तरे येथे छापलेली नाहीत. सोमवारी आणि गुरुवारी सायंकाळी सहानंतर मी घरीच असतो. सातवे वाक्य आधी तपासीन. ते चुकले असेल तर बाकीची सहा त्या दिवशी पाहणार नाही, चहा मात्र मिळेल.